सुवर्णदुर्ग १७५५: हर्णैची लढाई टेबलावर कशी मांडावी

वसाहतकाळातल्या लढाया मिनिएचर, म्हणजे छोटे पुतळे, घेऊन खेळायच्या म्हटलं की बहुतेकांना झुलू, सुदान किंवा वायव्य सरहद्द आठवते. त्यांचे तयार पुतळे आणि नियम सहज मिळतात. कोकणच्या लढायांचं तयार काहीच मिळत नाही, त्यामुळे सगळं स्वतः करावं लागतं. सुरुवात करायला यातली सगळ्यात सोयीची लढाई म्हणजे एप्रिल १७५५ मधला, हर्णैसमोरच्या बेटावरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावरचा इंग्रजांचा हल्ला. जहाजं मोजकी आहेत, किल्ला एका टेबलावर मावतो, आणि इंग्रज कमोडोरला एक खरा निर्णय घ्यावा लागतो: खोल पाण्यात सुरक्षित राहून भक्कम तटावर गोळे वाया घालवायचे, की उथळ सामुद्रधुनीत शिरून चार किल्ल्यांच्या माऱ्यात उभं राहायचं? सगळे नियम या प्रश्नाभोवती बेतायचे. हा प्रश्न उरला नाही तर नुसतं फासे टाकणं उरतं.

आधी लढाई समजून घ्या

पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात मार्च १७५५ मध्ये कोकणातले आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध करार झाला. २२ मार्चला कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याकडे ४४ तोफांचं 'प्रोटेक्टर', १६ तोफांचं 'स्वॅलो' आणि उखळी तोफा चढवलेली 'व्हायपर' व 'ट्रायम्फ' ही दोन जहाजं होती. चौलजवळ पेशव्यांचं आरमार त्याला येऊन मिळालं: ७ गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि ६० गलबतं (वल्ह्यांची हलकी जहाजं). पेशव्यांच्या बाजूचा कारभार सरसुभेदार रामाजी महादेवाकडे होता.

आंग्र्यांच्या ताफ्याने हर्णैच्या बंदरातून नांगर तोडून दक्षिणेकडे पळ काढला. जहाजं हलकी करायला त्यांनी सामान समुद्रात फेकलं, आणि वारा धरायला अंगावरचे कपडे नि पागोटीसुद्धा डोलकाठ्यांना बांधली. पाठलाग फसला आणि जेम्स किल्ल्याकडे वळला.

२ एप्रिलला त्याने समुद्राच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने मारा सुरू केला. तिकडचा तट काही ठिकाणी खडकातूनच घडवलेला आणि वर प्रचंड चिऱ्यांनी बांधलेला, त्यामुळे काही साधलं नाही. फुटून आलेल्या माणसाकडून त्याला कळलं की या बाजूने खिंडार पडणार नाही. दुसऱ्या दिवशी 'प्रोटेक्टर' बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात शिरलं. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, त्या तिघांवरही तोफा, सुवर्णदुर्गावर ५०. जहाज तटापासून शंभरेक यार्डांवर उभं राहिलं आणि तळाखाली जेमतेम फूटभर पाणी होतं. उखळी गोळ्याने आतल्या गवताच्या छपराला आग लागली. डोलकाठ्यांवर बसवलेल्या बंदूकवाल्यांनी ती विझवू दिली नाही, आणि आग दारूकोठारापर्यंत पोचली. पुढे, किनाऱ्यावर गेलेला किल्लेदार निवडक माणसांनिशी बेटावर परतून झुंजला. दाभोळकडून मदत येईल अशी त्याची आशा होती. खलाशांनी उतरून कुऱ्हाडींनी चोरदरवाजा फोडला तेव्हा किल्ला पडला.

खेळाचे सगळे भाग यातच सापडतात: खोली, आग, बंदुका, चोरदरवाजा.

मोजमाप

जहाजं १:६०० ने करा. 'प्रोटेक्टर' साडेसहा-सात सेंटिमीटरचं होतं, गुराब डोलकाठ्यांसकट नजरेत भरते, आणि गलबत चिमटीत धरता येतं. १:१२०० ने केलं तर गलबत दीड सेंटिमीटरचं होईल आणि हाताने करण्यात मजा उरणार नाही.

जमीन मात्र १:१००० धरा, म्हणजे १ सेंटिमीटर = १० मीटर. बेट किनाऱ्यापासून सुमारे पाव मैल, म्हणून सामुद्रधुनी ४० सेंटिमीटर. किल्ल्याचं क्षेत्र आठेक एकर, म्हणून २५ × १३ सेंटिमीटरचा लांबट तुकडा पुरतो. शंभर यार्ड म्हणजे ९ सेंटिमीटर. टेबल १२० × ९० सेंटिमीटर: पूर्वेच्या लांब कडेला १२ सेंटिमीटर किनारा, मग सामुद्रधुनी, मग बेट, आणि पश्चिमेला उरलेला खोल समुद्र. जहाज आणि जमीन यांच्या प्रमाणातला हा फरक डोळ्यांना खुपत नाही.

टेबल आणि पाणी

६० × ९० सेंटिमीटरचे ६ मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे घ्या. सनबोर्ड (दोन्ही बाजूंना कागद असलेला फोमचा पुठ्ठा) हलका असतो, पण कोकणच्या दमट हवेत तो वाकतो, विशेषतः एकाच बाजूला रंग दिला असेल तर. सनबोर्डच वापरायचा असेल तर दोन्ही बाजूंना सारखाच रंग द्या. एमडीएफ नको, कडेने ओल शिरली की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

पाण्याचा पोत टिश्यू पेपरने येतो. फेव्हिकॉल आणि पाणी सारखं मिसळून ब्रशने प्लायवर लावा, वर टिश्यू टाका, ओला असतानाच बोटांनी बारीक चुण्या पाडा. लाटांची दिशा वायव्येकडून आग्नेयेकडे ठेवा, कारण एप्रिलमधला दुपारचा वारा तसाच वाहतो. पूर्ण सुकू द्या. दमट दिवसांत दोन रात्री लागतात. रंगासाठी पोस्टकार्डवरचा निळा विसरा. किनाऱ्यालगतचं पाणी हिरवट-मातकट, बाहेर गेलं की राखाडी निळं. सुकल्यावर चकचकीत अॅक्रेलिक वॉर्निशचे दोन हात द्या.

टेबलावर खोलीच्या रेषा काढू नका. त्या फक्त पंचाच्या कागदी नकाशावर हव्यात. पंच नसेल तर नकाशा किल्ल्याच्या बाजूच्या भिडूकडे द्या, कारण हे पाणी स्थानिक माणसालाच ठाऊक असणार.

किनाऱ्यासाठी पुळणीवरची वाळू आणायचा मोह होतो. आणा, पण गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवा, उन्हात वाळवा आणि मगच चिकटवा. न धुतलेल्या वाळूतलं मीठ हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात पांढरं फुटून वर येतं आणि रंगाचे पोपडे निघतात. जमिनीसाठी जांभ्याचा भुगा चाळणीतून गाळून वापरा. त्याचा रंग कुठल्याही बाटलीतल्या रंगापेक्षा खरा असतो.

किल्ला

बेटाचा पाया २५ मिलिमीटर जाडीच्या थर्माकोलचा किंवा घट्ट इन्सुलेशन फोमचा. फोम मिळाला तर तोच घ्या. थर्माकोल कापताना दाणे उडतात. कापण्यासाठी नवी ब्लेड घ्या आणि दर दहा-बारा कापांनंतर पात्याचा तुकडा मोडा. खडकाच्या कडा बोटांनी कुरतडून सोडा, सरळ कापलेली कड केकसारखी दिसते.

थर्माकोलवर स्प्रेचा रंग थेट मारला की तो वितळतो. फेव्हिक्विकनेही तेच होतं. आधी फेव्हिकॉल आणि बारीक वाळूचा लेप द्या, सुकू द्या, मग ब्रशने अॅक्रेलिक लावा.

तट ३ मिलिमीटर सनबोर्डचे, उंची १८ मिलिमीटर. एका बाजूचा कागद ओला करून सोलून काढा, आतल्या मऊ फोमवर बॉलपेनने चिऱ्यांच्या रेषा ओढा. पश्चिमेला चिरे मोठे काढा, म्हणजे ती बाजू पाहताक्षणीच अभेद्य वाटेल. बुरूज औषधाच्या गोल बाटल्यांच्या झाकणांतून निघतात, फक्त झाकणाला आधी पॉलिश पेपर मारा, नाहीतर रंग धरत नाही. महादरवाजा पूर्वेला, किनाऱ्याकडे तोंड करून, चोरदरवाजा पश्चिमेला.

आतल्या जागेचे दोन बाय तीन असे सहा चौक करा. प्रत्येकात एक गवताच्या छपराचं घर. छपराला जुन्या ज्यूटच्या पिशवीचे धागे बारीक कापून चिकटवा. घरं सुटी ठेवा, कारण आग लागली की तिथे कापसाचा बोळा ठेवायचा आहे. किनाऱ्यावरचे तीन किल्ले साधे ठेवा: १० × ७ सेंटिमीटरचे तुकडे, दोन बुरूज, झेंडा. त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

रंगकाम: पाण्यालगतचा खडक काळा, त्यावर शेवाळी हिरव्याचा हलका हात, वरचा तट उन्हाने फिकट. शेवटी काळा अॅक्रेलिक १ भाग, पाणी ८ भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, असं मिश्रण सगळीकडे सोडा. थेंबामुळे रंग डाग न पडता फटींत उतरतो.

जहाजं

इथे रेंगाळायला हरकत नाही, कारण आंग्र्यांची जहाजं जशीच्या तशी विकत मिळत नाहीत. युरोपीय जहाजाचा साचा घेऊन त्याला गुराब म्हणणं ही सर्रास होणारी चूक आहे.

गुराब लांबीच्या मानाने रुंद आणि उथळ असते. दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांच्या आसपास, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या. तिची खरी ओळख म्हणजे पुढे झेपावलेली लांब, खालच्या पातळीवरची नाळ. नाळेमागच्या आडभिंतीतून दोन मोठ्या तोफा थेट पुढे मारा करतात, ९ किंवा १२ पौंडी. बाजूच्या तोफा लहान. म्हणून गुराब शत्रूकडे तोंड करून लढते आणि इंग्रज जहाज कूस दाखवून लढतं. टेबलावर ही दोन वळणं वेगळी दिसली की अर्धं काम झालं.

गुराबाच्या धडासाठी डॉक्टर घसा पाहायला वापरतात ती रुंद लाकडी पट्टी घ्या. ४० मिलिमीटर लांब, १३ रुंद असे तीन तुकडे एकावर एक चिकटवा. सर्वांत वरचा तुकडा नाळेच्या बाजूने ८ मिलिमीटर आखूड ठेवा. मग खालच्या दोन थरांच्या टोकाला तासून अणकुचीदार नाळ करा. मागची बाजू एका तुकड्याने उंच करा. दाढीच्या ब्लेडने नव्हे, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आकार द्या. ब्लेड पट्टीच्या रेषेत घुसते आणि तुकडा फाटतो.

गलबत आइसक्रीमच्या काडीचे दोन थर, २८ × ७ मिलिमीटर. खरं गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर जाई, दोन डोलकाठ्या, मोठं त्रिकोणी शीड, ४०-५० वल्ही आणि २ ते ४ पौंडी सहा-आठ तोफा. इतकी वल्ही या मापात मावत नाहीत. जुन्या टूथब्रशचे केस दहा-दहाच्या झुपक्यात कापून दोन्ही बाजूंना बसवा. कमी असूनही ती भरपूर वाटतात.

डोलकाठ्यांना नारळाच्या हिरासारखी दुसरी काडी नाही. खराट्यातला जुना, पूर्ण वाळलेला हीर निवडा. ओला हीर आज सरळ दिसतो आणि महिन्याभरात धनुष्य होतो. त्याची वरची साल तुळतुळीत असते, गोंद धरत नाही, म्हणून बुडाशी पॉलिश पेपर फिरवा. गुराबाची मोठी डोलकाठी ३५ मिलिमीटर. १ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडून ती आत रोवा, वरून चिकटवलेली डोलकाठी पहिल्याच डावात मोडते. शिडं ट्रेसिंग पेपरची: कापा, पेनाभोवती गुंडाळून फुगवटा द्या, पातळ फेव्हिकॉल लावून वाळवा, मग परबाणाला, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीला, चिकटवा. रंग पांढराशुभ्र नको, चहाच्या पाण्यात बुडवलेल्या कापडासारखा हवा.

उखळी तोफेच्या जहाजांची एक खूण सांभाळा: पुढची डोलकाठी नसते, तिथे उखळी तोफ बसते. त्यामुळे ती मागे झुकल्यासारखी दिसतात. 'प्रोटेक्टर' करायला तीन थर आणि दोन रांगांच्या तोफा पुरतात. तोफा म्हणजे काळ्या पेनचे ठिपके, याहून जास्त काही दिसत नाही.

एकूण: इंग्रजांची चार जहाजं, पेशव्यांसाठी २ गुराबा आणि ६ गलबतं (एक गलबत म्हणजे दहा), आंग्र्यांसाठी ४ गलबतं. खलाशांच्या चार तुकड्या: २० × १० मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर टाचण्यांची डोकी चार-चार मिलिमीटरवर कापून रोवा.

प्रत्येक जहाज २ मिलिमीटरच्या पारदर्शक अॅक्रेलिकवर बसवा. इथे फेव्हिक्विक वापरू नका, त्याच्या वाफेने अॅक्रेलिकवर पांढरट धुकं चढतं. दोन भागांचा इपॉक्सी घ्या. शेवटचं वॉर्निश पावसाळ्यात स्प्रेने मारू नका. ओल अडकून रंग दुधाळ होतो. ब्रशने द्या, किंवा ऑक्टोबरपर्यंत थांबा.

खोली आणि भरती

खोली हातांत मोजा. ४ हात म्हणजे १ वाव. नकाशावर पाच पट्टे आखा. बेटाच्या पश्चिमेला सर्वत्र १६ हात. सामुद्रधुनीत उत्तर-दक्षिण ८ सेंटिमीटर रुंदीची ११ हातांची खाच, तिची पश्चिम कड बेटाच्या तटापासून ९ सेंटिमीटरवर. खाचेच्या दोन्ही बाजूंना ७ हात. त्याबाहेर ४ हात. मग खडप आणि पुळण, शून्य. खाच सरळ काढू नका, एका जागी थोडी वाकवा.

जहाजांची बुडण, म्हणजे जहाजाचा किती भाग पाण्याखाली असतो ते, खेळापुरती हातांत अशी: 'प्रोटेक्टर' १०, 'स्वॅलो' आणि उखळी जहाजं ६, गुराब ५, गलबत ३. म्हणजे मध्यम पाण्याला खाचेत 'प्रोटेक्टर'खाली एक हात पाणी उरतं.

आता भरती. २ एप्रिल १७५५ ला चंद्र वद्य षष्ठीच्या आसपासचा येतो. पौर्णिमेचं उधाण सरून पाणी भांगाकडे चाललेलं, म्हणून चढउतार कमी ठेवा: मध्यम पाण्याच्या वर-खाली २ हात. एक फेरी म्हणजे पाव तास आणि डाव १६ फेऱ्यांचा. सुरुवातीला एक फासा टाका. १-२ आल्यास पूर्ण भरती (+२, मग ओहोटी), ३-४ आल्यास मध्यम पाणी आणि ओहोटी, ५-६ आल्यास मध्यम पाणी आणि भरती. सातव्या आणि तेराव्या फेरीला पाणी एक-एक हात सरकतं. ओहोटीच्या डावात तेराव्या फेरीला खाचेत ९ हात उरतात आणि 'प्रोटेक्टर' तळाला लागतं. हा एक आकडा सबंध डावभर इंग्रज भिडूच्या मानेवर बसलेला असतो.

तळाला लागलेलं जहाज हलत नाही. पाणी आणखी उतरलं की ते कलतं: एका बाजूच्या तोफा आभाळाकडे, दुसऱ्या पाण्याकडे, मारा बंद. पाणी चढलं तरच सुटका.

इंग्रजांना खोली कळायची एकच वाट: गलबत किंवा होडी पुढे पाठवून दोर टाकून मोजणं. ज्या मार्गाने ती वल्हवत जाईल त्या मार्गाची खोली पंचाने चिठ्ठीवर लिहून द्यावी. मोजणारी होडी त्या फेरीत निम्मंच अंतर जाते आणि तिच्यावर मारा होऊ शकतो.

वारा आणि चाल

पहिल्या ४ फेऱ्या सकाळचे मतलई वारे, पूर्वेकडून, मंद. पाचवी-सहावी फेरी वारा पडलेला. सातवीपासून खारे वारे, वायव्येकडून, जोरकस.

शिडाचं जहाज वारा पाठीशी किंवा बाजूला असताना ३० सेंटिमीटर, तिरकस समोरून असताना १५, थेट समोरून शून्य. मंद वाऱ्यात सगळं निम्मं. वारा पडला की फक्त वल्ही: गलबत २० सेंटिमीटर, आणि दोन गलबतांनी ओढलं तर कुठलंही जहाज १०. पाव तासात खरं जहाज याहून बरंच लांब जाईल, पण तसं खेळलं तर एका फेरीत टेबल संपतं. अरुंद पाण्यात निम्मा वेळ मोजण्यात आणि दोरखंड सांभाळण्यात जातो असं धरून हे आकडे कापले आहेत.

वायव्येच्या वाऱ्यावर सामुद्रधुनीत शिरायची वाट उत्तरेकडून आणि निघायची दक्षिणेकडून. नांगर टाकायला पूर्ण फेरी जाते. नांगराच्या दोराला कुशीतून दुसरा दोर बांधला असेल तर जहाज जागच्या जागी ४५ अंश फिरवता येतं. त्यासाठी आणखी अर्धी फेरी मारा सोडावा लागतो.

मारा

पाच तोफांचा एक फासा. 'प्रोटेक्टर'च्या एका कुशीला ४ फासे, 'स्वॅलो'ला २, गुराबाला नाळेतून १ आणि कुशीतून १, तीन गलबतांना मिळून १. सुवर्णदुर्गाला पूर्वेला ४, पश्चिमेला ४, दोन्ही टोकांना १-१. किनाऱ्याच्या तीन किल्ल्यांना प्रत्येकी ३. तीन किल्ल्यांना मिळून ९ फासे कमी वाटतील, पण सगळ्या तोफा एका निशाण्याकडे वळत नाहीत आणि सगळ्यांवर गोलंदाजही नसतात.

१५ सेंटिमीटरपर्यंत ४ वा जास्त पडला की गोळा लागला. ४० पर्यंत ५. ८० पर्यंत ६. जहाजाला गोळा लागला की जहाजाचा मालक बचावाचा फासा टाकतो: 'प्रोटेक्टर' ३ वा जास्त, बाकी इंग्रज जहाजं ४, गुराब ५, गलबताला बचाव नाही. वाचला नाही तर एक घाव. 'प्रोटेक्टर' २० घाव सोसतं, 'स्वॅलो' ८, उखळी जहाजं ६, गुराब ६, गलबत २.

हिशेब करून पाहा. खाचेतल्या 'प्रोटेक्टर'वर बेटावरून ४ फासे, निम्मे लागणार, म्हणजे २. किनाऱ्यावरून ९ फासे, तिसरा हिस्सा लागणार, म्हणजे ३. पाचांतले दोन-तृतीयांश बचावतात. फेरीला सुमारे पावणेदोन घाव, म्हणजे बाराएक फेऱ्या जहाज टिकतं. हे आकडे स्वतःच्या नियमांत बदलायचे असतील तर हा बाराचा हिशेब सांभाळा. सहावर आला तर कुणी आत शिरणार नाही; वीसवर गेला तर आत शिरायला भीतीच उरणार नाही.

तटावर गोळा लागला की दुसरा फासा. पूर्वेला ५ वा जास्त पडल्यास त्या बाजूचा एक तोफ-फासा कायमचा गप्प. पश्चिमेला त्यासाठी ६ हवा. खिंडार कुठेच पडत नाही.

आग

प्रत्येक उखळी जहाज किल्ल्यापासून ४० ते १०० सेंटिमीटरवर नांगरलेलं असेल तर फेरीला एक फासा. ६ आला की आणखी एक फासा टाकून कुठल्या चौकात आग ते ठरवा. दारूकोठार कुठल्या चौकात आहे ते किल्लेदाराने डाव सुरू होण्याआधी चिठ्ठीवर लिहून ठेवायचं.

दर फेरीला किल्लेदार जळत्या चौकासाठी एक फासा टाकतो. ३ वा जास्त पडला की आग विझली. पण इंग्रजांचं मोठं जहाज पूर्वेच्या तटापासून १० सेंटिमीटरच्या आत असेल तर डोलकाठ्यांवरचे बंदूकवाले आतल्या माणसांना टिपतात आणि विझवायला ६ लागतो. तीन फेऱ्या आग टिकली की ती शेजारच्या एका चौकात पसरते. कोठाराच्या चौकात पोचली की स्फोट.

बंदुका नसतील तर तीन फेऱ्या आग टिकण्याची शक्यता २७ मध्ये १. बंदुका असतील तर २१६ मध्ये १२५, म्हणजे अठ्ठावन्न टक्के. पश्चिमेला बसून किल्ला का पडत नाही ते भिडूला दुसऱ्या-तिसऱ्या आगीतच कळतं, नियमात वेगळं लिहावं लागत नाही. १० सेंटिमीटरची अट मुद्दाम ठेवली आहे. खाचेच्या पश्चिम कडेला नऊवर नांगरलेलं जहाजच ती पाळतं, म्हणजे खाच कुठे आहे ते आधी मोजावं लागतं.

किल्ल्याचा धीर १२. गप्प झालेला प्रत्येक तोफ-फासा १ ने कमी करतो, पेटलेला प्रत्येक चौक १ ने, स्फोट ४ ने. धीर ४ वर आला की इंग्रजांना खलाशी उतरवता येतात. होडी ४ हातांच्या पट्ट्यापर्यंत जाते, तुकडी पुढच्या फेरीला तटाशी. चोरदरवाज्याशी असलेल्या प्रत्येक तुकडीमागे एक फासा, ५ वा ६ पडला की दार फुटलं आणि किल्ला पडला. धीर ४ पेक्षा जास्त असताना उतरलेली तुकडी परत येत नाही, सरळ काढून टाका.

भिडू आणि त्यांचे हेतू

तिघे आणि एक पंच ही उत्तम संख्या. पंच लपवलेल्या गोष्टी सांभाळतो. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास असे खेळ आले तेव्हापासून ही जागा चालत आली आहे, आणि इथे खोलीच्या नकाशामुळे ती खरंच लागते.

इंग्रज भिडूचा हेतू साधा: १६ फेऱ्यांत किल्ला, आणि 'प्रोटेक्टर' दहापेक्षा कमी घावांत. किल्लेदाराने सोळावी फेरी गाठली तर तो जिंकला. त्याची ४ गलबतं रात्रीसारखी लपून कुमक आणू शकतात: दक्षिण कडेने आलेलं एक गलबत बेटाला लागलं की धीर २ ने वाढतो. पेशव्यांच्या भिडूची गंमत वेगळी आहे. त्याला तुळाजी पडायला हवा, पण किल्ला इंग्रजांच्या हाती कायमचा जायला नको आणि स्वतःची गलबतं उगाच बुडवायची नाहीत. त्याला गुण द्या: किल्ला पडल्यास ३, स्वतःचं प्रत्येक गलबत वाचल्यास १, डाव संपताना त्याची गुराब बेटाच्या २० सेंटिमीटरच्या आत असल्यास २. तो बहुतेक मागेच रेंगाळतो आणि इंग्रज भिडू वैतागतो. तसंच व्हायला हवं.

इंग्रजी कागदपत्रांतला आंग्रे म्हणजे चाचा, समुद्री लुटारू. तो शब्द नियमात घेतला की किल्लेदार भिडू हरण्यासाठीच बसवल्यासारखा खेळतो. दस्तक (समुद्रात फिरायचा परवाना) देऊन समुद्रावर हुकूम चालवणारं आरमार म्हणून मांडा.

पहिल्या डावात काय बिघडतं

बहुतेक वेळा इंग्रज भिडू मतलई वाऱ्यात उत्तरेकडून घुसायची घाई करतो आणि पाचव्या फेरीला, वारा पडला असताना, सामुद्रधुनीच्या तोंडाशी अडकतो. हा नियमाचा दोष नाही. पेशव्यांची गलबतं ओढायला येतील का, ही वाटाघाट तिथे सुरू होते.

आग फारच लवकर पसरत असेल तर चौकांचा नियम पुन्हा पाहा: पसरणं तीन पूर्ण फेऱ्यांनंतर एकदाच, दर फेरीला नाही. कापसाच्या बोळ्याशेजारी फेऱ्या मोजायला एक छोटा फासा ठेवा. किल्लेदार सलग तीन डाव जिंकला तर उखळी जहाजांना पहिल्या चार फेऱ्यांत दोन-दोन फासे द्या. इंग्रज सलग जिंकले तर चंद्र बदला: अमावास्येचं उधाण धरून पाणी वर-खाली ४ हात, आणि दर तिसऱ्या फेरीला एक हात सरकवा. ओहोटीच्या डावात आत शिरलेलं जहाज मग बाहेर निघतंच असं नाही.

पावसाळ्यात ठेवण

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, जहाजं उभी राहतील असे फोमचे कप्पे. डांबरगोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेने थर्माकोल आणि काही प्लॅस्टिक खराब होतं. लोहचुंबक वापरले असतील तर त्यांच्यावर वॉर्निशचा हात द्या, खाऱ्या हवेत एका मोसमात ते तांबतात. कागदाच्या लगद्याचं काही केलं असेल तर खळीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर झुरळं आणि कसर किल्ला खातात. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि खळ ढवळलेलं भांडं स्वयंपाकात परत नेऊ नका.

पुढचा डाव: विजयदुर्ग

हीच जहाजं आणि हेच नियम फेब्रुवारी १७५६ च्या विजयदुर्गाला चालतात, पण टेबल दुप्पट लागतं. अॅडमिरल वॉटसनची 'केंट', 'कंबरलँड', 'टायगर', 'सॅलिस्बरी' ही नौदलाची मोठी जहाजं त्यात येतात, आणि क्लाइव्हच्या तुकड्या जमिनीवर उतरतात. १२ फेब्रुवारीला उखळी गोळ्याने खाडीत नांगरलेल्या 'रिस्टोरेशन'ला आग लागली. हे जहाज मुळात कंपनीचंच, आंग्र्यांनी पकडलेलं. त्या आगीत अख्खा ताफा जळाला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तिथे आगीचा नियम चौकांवरून जहाजांवर न्यावा लागतो: एकमेकांपासून ३ सेंटिमीटरच्या आत नांगरलेली जहाजं शेजारचे चौक धरा, पेटलेल्या जहाजाची आग वाऱ्याच्या दिशेला दर फेरीला ४ वा जास्त पडल्यास पसरते, आणि वल्ही मारून एखादं गलबत सोडवायचं असेल तर त्या फेरीत त्याने मारा करायचा नाही.